मदत हवी आहे: चक्कर आणि तोलाचं काम तालुक्याच्या गावी राहून कसं शिकावं? (ऑडिओलॉजिस्टसाठी)

कापूसवाट

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं आणि तोल तपासणारी) आहे. हाताशी दोन चॅनेलचा ऑडिओमीटर (ऐकू येणं मोजायचं यंत्र), टिम्प (पडदा आणि मधला कान तपासायला) आणि स्क्रीनिंगचं ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारं) आहे. बेरा (कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेची चाचणी) नाही. बूथ म्हणजे जाड पडदे लावलेली कोपऱ्यातली खोली.

आरसीआयच्या (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलंय, त्यामुळे सीआरईचे (नोकरीत असताना घ्यायच्या पुढच्या शिक्षणाचे) गुण लागणारच. पण नुसती प्रमाणपत्रं गोळा करायची नाहीत. चक्करचे पेशंट वाढलेत. बहुतेक जण बीटाहिस्टिन नाहीतर स्टेमेटिल या चक्करच्या गोळ्या महिनोन्महिने खात आलेले असतात. पदवीच्या अभ्यासक्रमात तोलाचा भाग कॅलॉरिकपाशीच (कानात गरम-थंड पाणी किंवा हवा सोडून करायची चाचणी) संपत होता, प्रत्यक्ष हात धरून कुणी शिकवलेलं नाही. ऑनलाइन कोर्स पुरेल की कुठे जाऊन शिकावं? व्यवस्थापन व्हीहिट (डोकं झटकन वळवून डोळ्यांची हालचाल मोजणारं यंत्र) घ्यायचं म्हणतंय, ते आत्ता घ्यावं का? आणि श्रवणाच्या बाजूने आधी काय ताजं करून घ्यावं? फुकट वाचता येईल असं काही असेल तर तेही सांगा.

डोलकाठी

ताई, व्हीहिट थांबवा. आधी भिंतीपासून सुटा एक दिवाण, एक घट्ट उशी आणि चांगल्या कॅमेऱ्याचा फोन एवढं जमवा. ओपीडीतल्या चक्करमध्ये बीपीपीव्हीचा (आतल्या कानातले कण जागा सोडून नलिकेत गेल्याने डोकं हलवलं की येणारी चक्कर) वाटा मोठा असतो, आणि तिथे व्हीहिट बहुधा नॉर्मलच येतं. म्हणजे मशीन आलं तरी तो पेशंट हातानेच बरा करावा लागणार.

डिक्स-हॉलपाइक (बीपीपीव्हीची चाचणी) व्हिडिओ पाहून येतं असं वाटतं, पण चुका कुठे होतात ते कुणी बाजूला उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पेशंटला दिवाणावर असं बसवायचं की आडवा झाल्यावर उशी खांद्याखाली येईल, डोक्याखाली नाही. मान ४५ अंश वळवून निजवलं की डोकं साधारण २० अंश मागे झुकलं पाहिजे. डोळे उघडे. काही सेकंद काहीच दिसत नाही, तिथेच नवखा माणूस ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळा होतो. किमान ३० सेकंद थांबा. मागच्या नलिकेचा बीपीपीव्ही असेल तर बुबुळं वरच्या दिशेने आणि खालच्या कानाकडे पिळल्यासारखी फडफडतात आणि मिनिटाच्या आत शांत होतात. हे उजेडातही नुसत्या डोळ्यांना दिसतं. आडव्या नलिकेचं मात्र नजर एका जागी रोखली की दबतं. फ्रेंझेल चष्मा (नजर रोखू न देणारा, जाड भिंगांचा) नसेल तर डोळ्यांसमोर वितभर अंतरावर कोरा पांढरा कागद धरा आणि कडेने पाहा.

एपलीत (कण जागेवर परत नेण्याची कृती) सगळ्यात जास्त बिघडतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थितीच्या मध्ये. मान दुसऱ्या बाजूला ९० अंश वळवताना डोकं वर उचललं जातं. तसं झालं की कण परत मागे येतात. डोकं झुकलेलंच ठेवायचं, मग पेशंटला कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे, प्रत्येक स्थितीत ३० ते ६० सेकंद, आणि शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून बसवायचं. नंतर ‘दोन रात्री बसून झोपा’ हा सल्ला अजून दिला जातो. अमेरिकन अकादमीच्या (कान-नाक-घसा डॉक्टरांची संघटना) २०१७ च्या मार्गदर्शिकेने तो नको म्हटलंय, आणि बीपीपीव्हीला चक्कर दाबणाऱ्या गोळ्याही सरसकट नकोत म्हटलंय. त्या गोळ्या लांबल्या की मेंदूची जुळवून घेण्याची क्रिया मंदावते. गोळी तुम्ही परस्पर बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

मान आखडलेल्या किंवा पाठीला बाक असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मागे झुकवत बसू नका. ज्या कानाची शंका त्याच्या उलट बाजूला मान ४५ अंश वळवून शंकेच्या कुशीवर निजवा, तीच माहिती मिळते. पोटभर जेवून आलेला पेशंट असेल तर बादली आधीच जवळ ठेवा.

आता ज्याला भ्यायचं ते. चक्कर सतत चालू आहे, तासन्‌तास, आणि बुबुळं बसल्याजागी फडफडताहेत, तेव्हाच हिंट्स (बिघाड कानात की मेंदूत ते ओळखायची डोळ्यांची तिहेरी तपासणी) करायची. आली-गेली चक्कर असलेल्या माणसावर हिंट्स केली तर उत्तर दिशाभूल करतं. या चाचणीत हेड इम्पल्स (डोकं झटकन वळवून नजर टिकते का ते पाहणं) नॉर्मल येणं हे वाईट लक्षण आहे, कारण आतला कान शाबूत असून एवढी चक्कर म्हणजे मेंदूकडे संशय जातो. फडफडीची दिशा नजरेबरोबर बदलणं, एक डोळा झाकून उघडताना वर-खाली सरकणं, आधाराशिवाय बसताही न येणं, जीभ जड होणं, दोन दोन दिसणं, यातलं काहीही असेल तर एपली नाही, गाडी. नव्याने एक कान बंद पडलाय म्हणून ‘हे कानाचंच’ असं समजू नका. एआयसीएच्या (मेंदूला आणि आतल्या कानाला रक्त नेणारी धमनी) रक्तपुरवठ्याच्या झटक्यातही कान जातो.

व्हीहिट नंतर घ्यालच. तेव्हा गॉगलचा पट्टा सैल ठेवला की गेन (डोक्याच्या मानाने डोळे किती वळले त्याचं प्रमाण) खोटा येतो हे लक्षात असू द्या. लक्ष्य मीटरभराहून जास्त लांब, झटका छोटा पण जलद, सेकंदाला १५० अंशांच्या वर. आडव्या नलिकेचा गेन ०.८ च्या खाली आणि सोबत दुरुस्तीचे सॅकेड (नजर जागेवर आणणाऱ्या डोळ्यांच्या उड्या) दिसले तरच बिघाड म्हणा, नुसत्या आकड्यावर नको. मेनियरमध्ये (आतल्या कानाचा, चक्कर आणि ऐकू कमी येण्याचा आजार) कॅलॉरिक बिघडलेलं आणि व्हीहिट नॉर्मल असं बऱ्याचदा येतं, त्यात घाबरायचं कारण नाही.

वऱ्हाडीकान

ताई, एक गोष्ट राहून गेली. आपल्याकडं एप्रिल-मे मंदी अर्धी चक्कर तर पाणी कमी पडल्याची नाहीतर बीपीच्या गोळीची असते. झोपवून बीपी घ्या, मंग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला घ्या. वरचं २० नं उतरलं का खालचं १० नं, तर पेशंट फिजिशियनकडं. याला कोनतं मशीन लागत नाही.

गुणांचं पक्कं सांगतो: गुण फक्त आरसीआयनं मंजूर केलेल्या कार्यक्रमाचेच धरतात. परदेशी वेबसाइटचा कोर्स कितीबी चांगला असो, कंपनीवाल्यानं हॉटेलात मशीन दाखवलं असो, मंजुरी नसंल तर गुण नाही भेटत. पैसे भरायच्या आधी मंजुरीचं पत्र मागा, फॉर्मवर सीआरआर नंबर (आरसीआयचा नोंदणी क्रमांक) आणि नाव नोंदणीत जसं आहे तसंच टाका.

ध्वनिमाप

वरच्यांशी सहमत, फक्त एक वेगळं मत. तोलाचं शिकण्याआधी खोलीचा आवाज सोडवा, कारण ऑडिओग्रामच चुकला तर तोलाचं निदानही त्याच्या मागे चुकतं. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीत कूलर असतो. त्याचा घरघराट खालच्या स्वरांचा, त्यामुळे २५० आणि ५०० हर्ट्‌झचे थ्रेशोल्ड (ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज) वर सरकतात. पेशंटला चक्कर, आलेख खालच्या स्वरांत पडलेला, आणि रिपोर्टवर मेनियर! कूलर, पंखा बंद करून पुन्हा तपासा. इन्सर्ट इअरफोन वापरा, फोम पूर्ण आत जाऊन फुगेपर्यंत धरून ठेवा. अर्धवट बसला की बाहेरचा आवाज आत येतो आणि खालचे स्वर बाहेर गळतात. रोज सकाळी स्वतःच्या कानावर यंत्र तपासा. एखाद्या स्वराला १० डेसिबलचा फरक दिसला तर त्या दिवशी रिपोर्ट देऊ नका. बोन व्हायब्रेटर (हाडातून आवाज देणारा) एकदा जमिनीवर पडला तरी कॅलिब्रेशनशिवाय विश्वास नको. वीज जाते-येते तिथे यूपीएस हा चैनीचा खर्च नाही.

व्हेम्प (मोठा आवाज देऊन तोलाच्या अवयवाचा प्रतिसाद पाहणारी चाचणी) शिकायचा विचार असेल तर थांबा. कान वाहणारे पेशंट आपल्याकडे भरपूर, आणि हवेतून दिलेल्या आवाजाचा व्हेम्प थोड्या एअर-बोन गॅपनेही (हवेतून आणि हाडातून ऐकण्यातला फरक) गायब होतो. टिम्प आणि बोनचे थ्रेशोल्ड न पाहता ‘व्हेम्प नाही’ लिहिलं तर त्याचा अर्थ शून्य.

श्रवणाच्या बाजूने ताजं करायचं तर बाळांची तपासणी आधी. आरबीएसकेकडून (मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) आलेलं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर टिम्प १००० हर्ट्‌झ प्रोबने, २२६ चा आलेख त्या वयात फसवतो. एनआयसीयूत राहिलेल्या किंवा काविळीसाठी रक्त बदललेल्या बाळाला ओएई पास झालं म्हणून घरी सोडू नका. ऑडिटरी न्यूरोपॅथीत (आवाजाचा संदेश नसेतून नीट जात नाही तेव्हा) ओएई पास होतं आणि बेरा बिघडलेला असतो. तुमच्याकडे बेरा नाही, म्हणजे डीईआयसीला (मुलांसाठीचं जिल्ह्याचं उपचार केंद्र) कुणाकडे, कोणत्या वारी पाठवायचं ते आधी ठरवून ठेवा.

विदर्भासाठी खास म्हणजे सिकलसेल. या पेशंटना आतल्या कानाचा रक्तपुरवठा अडून बहिरेपण येऊ शकतं, कधी एकाएकी. रक्ताची तपासणी करणाऱ्या केंद्राशी बोलून वर्षातून एकदा पीटीए (ऑडिओमीटरवरची ऐकण्याची चाचणी) ठेवा. आणि अचानक कान गेला, लागोपाठच्या तीन स्वरांत ३० डेसिबल किंवा जास्त, तीन दिवसांच्या आत, तर तो तातडीचा पेशंट. स्टेरॉइड जितकं लवकर तितकं बरं, दोन आठवडे उलटले की आशा घटते. पीएचसीत अशा पेशंटला ‘सर्दीने दडपलाय’ म्हणून थेंब दिले जातात. तिथे ५१२ चा ट्यूनिंग फोर्क आणि वेबर (फोर्क कपाळावर ठेवून आवाज कोणत्या कानात येतो ते विचारणं) एवढं शिकवून या. सिकलसेलच्या पेशंटला मात्र स्टेरॉइड सुरू करण्याआधी रक्ताच्या डॉक्टरांना विचारा.

जिनिंग, राइस मिल, कोळसा खाण, मळणीयंत्र यांवर काम करणारे आले तर ३००० आणि ६००० हर्ट्‌झसुद्धा तपासा. नुसतं ४००० पाहून आलेखातली गोंगाटाने पडलेली खाच निसटते.

कापूसवाट

खूप आभार. कूलरचं डोक्यातच आलं नव्हतं. अजून दोन शंका. शिकायला नेमकं कुठे विचारावं? आणि रोल टेस्टमध्ये (आडव्या नलिकेची चाचणी) दोन्ही बाजूंना फडफड दिसते तेव्हा कान कोणता ठरवायचा?

डोलकाठी

रोल टेस्ट: उताणं, डोकं ३० अंश वर, मग झटक्याने एका बाजूला आणि नंतर दुसऱ्या. बुबुळं जमिनीकडे फडफडत असतील तर ज्या बाजूला जोर जास्त, तो कान. जमिनीपासून उलट, छताकडे असतील तर ज्या बाजूला जोर कमी, तो कान. इथेच उलटसुलट होतं, म्हणून दिवाणाच्या भिंतीवर लिहून ठेवा. पहिल्या प्रकारात गुफोनी (आडव्या नलिकेतले कण बाहेर काढायची कृती): बसलेल्याला चांगल्या कुशीवर पटकन निजवा, दोन मिनिटं, मग नाक ४५ अंश गादीकडे वळवून आणखी दोन मिनिटं, मग उठवा. दुसऱ्या प्रकारात बिघडलेल्या कुशीवर निजवून नाक वर. छताकडची फडफड कृतीनंतरही तशीच राहिली आणि मिनिटभराच्या पुढे चालली, तर मोठ्या केंद्रात पाठवा.

शिकायला: गुणांसाठी म्हैसूरची आयश (वाचा-श्रवण संस्था) आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा, इशाचं (आपल्या व्यवसायाची भारतीय संघटना) वार्षिक संमेलनही असतं. हाताच्या कामासाठी नागपूर किंवा वर्ध्याच्या मेडिकल कॉलेजच्या ईएनटी विभागाला लेखी विनंती करा. ‘तोलाच्या ओपीडीत निरीक्षणाला बसू द्या’ एवढंच लिहा, प्रशिक्षण म्हटलं की फाइल वरच्या टेबलांवर फिरत राहते. बाराणी सोसायटीचे (तोलाच्या आजारांची आंतरराष्ट्रीय संघटना) निदानाचे निकष आणि ब्रिटिश सोसायटी ऑफ ऑडिओलॉजीच्या कार्यपद्धती नेटवर फुकट आहेत. आधी बीपीपीव्ही आणि वेस्टिब्युलर मायग्रेनचे (अर्धशिशीतून येणारी चक्कर) निकष वाचा, बाकीचे मागाहून.

अडलेल्या केसचा डोळ्यांचा व्हिडिओ इथे टाकायचा असेल तर लेखी संमती घ्या, फक्त डोळे दिसू द्या, पापणी अंगठ्याने वर धरा, ६० फ्रेमवर घ्या, आणि पेशंट कोणत्या स्थितीत आहे ते चित्रीकरण सुरू असतानाच तोंडाने बोला. स्थिती माहीत नसलेल्या व्हिडिओवरून बाजू सांगता येत नाही.

वऱ्हाडीकान

आणि आवाज बंद करून टाकू नका ताई. लोक संपादन करताना म्यूट करतेत, मंग कोनती बाजू हाय ते विचारत बसा लागते.