मदत हवी आहे: आयनिक की सहसंयुज? १.७ चा नियम लावूनही उत्तरं चुकली

रंकाळ्याकाठी (रात्री ८:४०)
उद्या साडेदहाला कॉलेजात जायचंय, त्याआधी उत्तर पाहिजे. लेकीचे रासायनिक बंधांच्या प्रश्नात तीन गुण कापलेत. फरक १.७ च्या वर असला की आयनिक (इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन झालेला बंध), खाली असला की सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला), असं वर्गातच शिकवलं होतं. तिनं तसंच केलं. वजाबाक्या मी स्वतः दोनदा तपासल्या, सगळ्या बरोबर आहेत. मग गुण कापले कशाला? मी बी.कॉम. आहे, मला लांबलचक नको. नियम बरोबर की चूक, तेवढंच सांगा.

राजारामपुरीकर (८:४६)
कुठला फरक? कितवीत आहे? संयुगं कुठली होती?

रंकाळ्याकाठी (८:४८)
विद्युतऋणतेचा फरक हो, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन कुठला अणू किती ओढतो त्या आकड्यांचा, दुसरा कुठला असणार? दहा संयुगं दिली होती, सात बरोबर आली.

कागलचा_पाहुणा (८:५५)
एवढा व्याप कशाला करायचा? एक धातू आणि एक अधातू असेल तर आयनिक. दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज. मी दहावीला एवढ्यावरच निभावलं. आकडे पाठ करायला लावतात आणि पोरांचं डोकं उठवतात.

निवृत्त_शिक्षक (९:०२)
पाहुणे, अॅल्युमिनियम धातू आहे ना? त्याचं क्लोराइड तापवा, साधारण १८० अंशाला न वितळता थेट वाफ होते. मीठ वितळायला ८०१ अंश लागतात. अॅल्युमिनियम क्लोराइडच्या वाफेत दोन-दोन रेणू जोडीनं फिरतात, हे सहसंयुज वागणं झालं. बेरिलियम क्लोराइडचंही तसंच. धातू-अधातू ही सुरुवात म्हणून ठीक आहे, तेवढ्यावर निकाल देऊ नका.
ताई, चुकलेली तीन कुठली ते लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.

शाहूपुरी_ट्यूशन (९:०५)
सोपा उपाय सांगते. पाण्यात विरघळवा, ९ व्होल्टची बॅटरी आणि छोटा एलईडी जोडा. लागला तर आयनिक. मिठाच्या पाण्यात लागतो, साखरेच्या पाण्यात लागत नाही. माझ्याकडची मुलं हे एकदा बघतात आणि कायमचं लक्षात ठेवतात.

निवृत्त_शिक्षक (९:११)
मॅडम, प्रयोग चांगला आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घोटाळ्याचा आहे. हायड्रोजन क्लोराइडचं पाणी करा, दिवा छान लागेल. तरी तो रेणू सहसंयुजच आहे. पाण्यात पडल्यावर त्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात, आधी नसतात. कोरड्या टोल्युईनमध्ये विरघळवला तर दिवा लागत नाही. उलट सिल्व्हर क्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मग त्याला काय म्हणणार? विचारायचंच असेल तर वितळल्यावर वीज वाहते का, हे विचारा.

शाहूपुरी_ट्यूशन (९:१४)
वितळवायला ८०० अंश घरात कुठून आणू सर? मुलांना दाखवता येईल असं काही सांगा.

गूळ_आणि_माती (९:१७)
पहिली वीस मूलद्रव्यं पाठ करायची असतील तर क्रमानं गाणं करून म्हणायला लावा. आमच्या धाकट्याला गुऱ्हाळावर रस उकळताना म्हणायला लावलं, चार दिवसांत पाठ.

रंकाळ्याकाठी (९:२०)
मूलद्रव्यं तिला पाठ आहेत. नियमाचं कुणी बोलेल का?

शिरोली_हीट_ट्रीटमेंट (९:३१)
मी सॉल्ट बाथवर, म्हणजे धातूचे भाग वितळलेल्या मिठात तापवायच्या भट्टीवर काम करतोय, बावीस वर्षं झाली. सरांचं खरं हाय. आमच्या भट्टीत मीठच असतं, सोडियम क्लोराइड आणि बेरियम क्लोराइडचं मिश्रण. दोन जाड इलेक्ट्रोड बुडवलेले असतात. करंट वितळलेल्या मिठातनंच जातो आणि त्यानंच भट्टी तापती, ८५० अंशाच्या आसपास. पण सुट्टीनंतर भट्टी गार झाली की नुसतं बटण दाबून काही होत न्हाई. घट्ट मिठातनं करंट जातच न्हाई. आधी स्टार्टर कॉइल लावून दोन इलेक्ट्रोडमधला पट्टा वितळवावा लागतो, मग धरतं. कॉलेजात शिकलो तेव्हा ‘घन अवस्थेत वीज वाहत नाही, वितळल्यावर वाहते’ हे वाक्य घोकलं होतं. पहिल्या सोमवारी भट्टी चालू करताना ते कळलं.

शाहूपुरी_ट्यूशन (९:३४)
हे फार छान आहे दादा. मुलांना सांगेन.

कागलचा_पाहुणा (९:३६)
बाकी सगळं सोडा, सायन्सच कशाला घेतलं? कॉमर्सला जागा होत्या.

रंकाळ्याकाठी (९:४४)
तिला आवडतं म्हणून घेतलं. तो विषय नाही.
हे घ्या तीन. हायड्रोजन फ्लोराइड: फरक ३.९८ वजा २.२० म्हणजे १.७८, तिनं आयनिक लिहिलं. लिथियम आयोडाइड: २.६६ वजा ०.९८ म्हणजे १.६८, सहसंयुज लिहिलं. अमोनियम क्लोराइड: सगळे अधातू आणि फरक कमी, म्हणून सहसंयुज. तिन्ही चूक. अकरावी, राज्य बोर्ड. आता सांगा, नियमाप्रमाणे कुठे चुकलं?

राजारामपुरीकर (९:४७)
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर तास वाचला असता.

निवृत्त_शिक्षक (१०:०३)
ताई, वजाबाकी शंभर टक्के बरोबर. १.७ हा आकडा आला कुठून, तेवढं आधी सांगतो. विद्युतऋणतेचे आकडे लायनस पाउलिंगनं १९३२ साली मांडले. बंधात आयनिक गुण किती टक्के, याचं त्यानं एक सूत्रही दिलं. त्या सूत्रात फरक १.७ घातला की उत्तर पन्नास टक्क्यांच्या जवळ येतं. म्हणजे ते अर्धं-अर्धं होण्याचं ठिकाण आहे. तिथं भिंत नाही. पुढचामागचा एक शतांश बघून इकडचा-तिकडचा ठरवला तर फसणारच.
हायड्रोजन फ्लोराइड: १९.५ अंशाला उकळतो. आज रंकाळ्यावर जेवढं उकडतंय तेवढ्यात तो वायूच असेल. सुटे रेणू असतात, द्विध्रुव आघूर्ण (रेणूच्या दोन टोकांवर विद्युतभार किती विभागलाय त्याचं माप) मोजून काढलेला आयनिक गुण निम्म्याच्या आत येतो. सहसंयुज, पण अतिशय ध्रुवीय. इथं परीक्षकाचं बरोबर.
अमोनियम क्लोराइड: यात बंध दोन प्रकारचे. अमोनियम आयनात नायट्रोजन-हायड्रोजन सहसंयुज, आणि तो अख्खा आयन क्लोराइड आयनाशी आयनिक. एकही धातू नाही तरी आयनिक स्फटिक. इथंही परीक्षकाचं बरोबर. फक्त दोन्ही प्रकार लिहिले असते तर उत्तर जास्त नेमकं झालं असतं.

शिरोली_हीट_ट्रीटमेंट (१०:०९)
सर, अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर ना? कल्हईवाले वापरायचे. तापवलं की वितळायच्या आधीच पांढरा धूर.

निवृत्त_शिक्षक (१०:१२)
तोच. तापवला की अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वेगळे होतात, वर थंड जागी पुन्हा एकत्र येऊन पांढरे होतात. म्हणून वितळवून दिवा लावायची कसोटी इथं चालत नाही.

गूळ_आणि_माती (१०:१५)
आमच्या आजीची भांडी कल्हई करायला दरवर्षी माणूस यायचा. तो वास अजून आठवतो. आता कोल्हापुरात कल्हई कुठं करून मिळते?

राजारामपुरीकर (१०:१८)
त्यासाठी वेगळा धागा काढा, मलाही पाहिजे.

रंकाळ्याकाठी (१०:२१)
लिथियम आयोडाइड राहिलं. १.६८. म्हणजे तिचं बरोबर?

शाहूपुरी_ट्यूशन (१०:२६)
माझ्या मते तिला गुण मिळायला हवा. अकरावीला फायान्सचा नियम आहे. धन आयन लहान आणि ऋण आयन मोठा असला की मोठ्याचा इलेक्ट्रॉन-ढग ओढला जातो आणि सहसंयुज गुण वाढतो. लिथियम एवढा लहान, आयोडाइड एवढा मोठा. हे तर त्याचं ठरलेलं उदाहरण आहे.

निवृत्त_शिक्षक (१०:३३)
गुण वाढतो, बंध बदलत नाही मॅडम. लिथियम आयोडाइडचा स्फटिक मिठासारख्याच रचनेचा आहे. ४६९ अंशाला वितळतो आणि वितळला की वीज नेतो. प्रकार विचारला तर आयनिकच. सहसंयुज गुण कुणात जास्त, असा तुलनेचा प्रश्न असता तर तुमचं उत्तर मी स्वतः धरलं असतं.

शाहूपुरी_ट्यूशन (१०:३७)
मग ज्यांनी १.७ ची रेघ शिकवली त्यांनी १.६८ चं संयुग विचारावं का? मुलीनं शिकवलेलं लावलं.

निवृत्त_शिक्षक (१०:४२)
हे मात्र मान्य. मी पेपर काढला असता तर ते घातलं नसतं. ताई, उद्या हायड्रोजन फ्लोराइड आणि नवसागर या दोन उत्तरांवर वाद घालू नका. लिथियम आयोडाइडबद्दल लेकीलाच बोलू द्या. विचार कसा केला ते तिनं सांगावं, वजाबाकी दाखवावी. गुण मिळेल न मिळेल, पण शिक्षकांनाही कळेल की मुलं त्या आकड्याला भिंत समजतायत.

रंकाळ्याकाठी (१०:५०)
वाचून दाखवलं तिला. फ्लोराइडचं पटलं, नवसागरचंही. आता मला म्हणते, तू येऊ नकोस, मी बोलते.
शिरोलीवाल्या दादा, तिला ती मिठाची भट्टी बघायची आहे. चालेल का?

शिरोली_हीट_ट्रीटमेंट (१०:५८)
मालकांना विचारून सांगतो, पण सोमवारी सकाळी चालू करताना आणा, तेव्हाच बघण्यासारखं असतं. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट. पाण्याची बाटली बाहेर ठेवायची, ओली छत्रीसुद्धा आत न्हाई. वितळलेल्या मिठात पाण्याचा थेंब पडला तर मीठ उसळून अंगावर येतं. आणि बेरियमचं मीठ विषारी असतं, कशाला हात लावायचा न्हाई. लांबूनच दिसतं सगळं, लालभडक.