वेल्समधली जुनी घराणी आणि त्यांची माणसं : सुरुवात कुठून करू?

चिंचगुळाची_आमटी
नमस्कार मंडळी. आम्ही मँचेस्टरला असतो. मे महिन्यात सासूबाई येतायत, त्यांना पाच दिवस उत्तर वेल्सला न्यायचं ठरलंय. वाडे, वंशावळी, कोण कुणाचं दत्तक, कुणाची सोयरीक कुठे झाली, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. किल्ले चढणं मात्र गुडघ्यांमुळे बाद.

तयारी म्हणून वेल्सच्या इतिहासाचा एक ठोकळा आणला. पहिल्या पन्नास पानांत इतके ल्युएलिन आणि इतके ग्रिफिथ भेटले की कोण कुणाचा काका तेच कळेना. मिटून ठेवला. तर राजे नकोत. घरं हवीत आणि त्यांत राहिलेली माणसं हवीत. कोणापासून सुरू करू?

पाटावरवंटा
रेक्समजवळचं एर्थिग. डोळे मिटून जा. यॉर्क घराण्याचा वाडा. इतर सरदारांकडे भिंतीवर पूर्वज टांगलेले असतात, इथे नोकरांची तैलचित्रं आहेत. १७९०च्या दशकात फिलिप यॉर्कने सुतार, लोहार, कोळिष्टकं काढणारी म्हातारी मोलकरीण अशांना बसवून चित्रं काढून घेतली आणि प्रत्येकावर स्वतः जुळवलेल्या ओळी लिहिल्या. कविता म्हणून सुमारच आहेत, पण त्यात माया आहे. पुढच्या पिढ्यांनी तेच फोटो काढून चालू ठेवलं. शेवटचा मालकही फिलिपच, बिनलग्नाचा. वाड्यात वीज नाही, खालून कोळशाची खाण गेल्याने घर पाच फूट खचलेलं. १९७३ मध्ये त्याने ते नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या, हवाली केलं.

हेळवी_कृष्णाकाठचा
ताई, तुमच्या सासूबाईंसाठी एकच नाव सांगतो : बेरेनची कात्रिन. इंग्रजीत कॅथरिन. जन्म १५३४च्या आसपास, मृत्यू १५९१. नवरे चार.

पहिला लेवेनीचा जॉन सॉल्झबरी, तो १५६६ मध्ये गेला. दुसरा सर रिचर्ड क्लफ, अँटवर्पला बसून लंडनच्या टॉमस ग्रेशमचं काम पाहणारा मालदार व्यापारी. तिसरा ग्विदिरचा मॉरिस विन. चौथा एडवर्ड थेलवॉल. आख्यायिका अशी, की पहिल्या नवऱ्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये शिरताना क्लफने तिला हात दिला आणि तिथल्या तिथे मागणी घातली. बाहेर पडताना मॉरिस विनने हात दिला आणि त्यानेही तेच विचारलं. ती म्हणाली, आत जातानाच शब्द देऊन बसले हो, पण हेही गेले तर पुढचा नंबर तुमचा. खरंखोटं देव जाणे. क्लफ १५७० मध्ये हँबर्गला वारला आणि तिने लग्न मॉरिस विनशीच केलं, एवढं पक्कं.

पोटची, सावत्र, त्यांची मुलं अशी तिची माणसं इतक्या घराण्यांत पसरली की तिला ‘माम कम्री’, म्हणजे वेल्सची आई, म्हणतात. १५६८चं तिचं चित्र कार्डिफच्या संग्रहालयात आहे : काळा पोशाख, गळ्यात सोनं आणि एक हात चक्क कवटीवर. पण कार्डिफ दक्षिणेला, तुमच्या वाटेवर नाही. तेव्हा लॅनरुस्तला जा आणि ग्विदिर बघा. नावात कॅसल असलं तरी ते राहतं घरच आहे, आणि कात्रिन सासुरवाशीण म्हणून आली ती इथेच.

तिचा सावत्र मुलगा सर जॉन विन (१५५३–१६२७). हा महा कोर्टबाज. शेजाऱ्यांशी, कुळांशी, नातलगांशी दावे. मेल्यावर त्याचा आत्मा बेट्स-इ-कोएडच्या स्वॅलो धबधब्याखाली अडकून पडलाय असं लोक सांगतात, त्यावरून काय ते समजा. पण याच गृहस्थाने घराण्याचा इतिहास लिहून ठेवला, आणि वाचायची सुरुवात मी त्यापासूनच करायला सांगेन. छोटा आहे, छापील मिळतो. त्यात त्याचा पणजोबा मेरेदिथ आपलं मूळ गाव सोडून या दरोडेखोरांच्या खोऱ्यात का आला याचं कारण दिलंय : तिथे राहिलो असतो तर जमिनीपायी भाऊबंदांना मारावं लागलं असतं नाहीतर त्यांच्या हातून मरावं लागलं असतं, त्यापेक्षा परके चोर बरे. आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात हे वाक्य खपून जाईल!

गोम अशी आहे, की जुन्या वेल्श कायद्यात जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची, अनौरस पण बापाने कबूल केलेल्या मुलालाही वाटा. चार पिढ्यांत शेताच्या चिंध्या. सोळाव्या शतकात इंग्रजी कायदा आला, थोरल्याला सगळं मिळू लागलं आणि मग ही मोठी घराणी उभी राहिली. वाटण्या आणि सोयरीक ही दोन सूत्रं धरलीत तर तुमचा तो ठोकळासुद्धा सुटेल.

ग्विदिरची जेवणाची खोली नक्की बघा. तिचं सतराव्या शतकातलं लाकडी नक्षीकाम १९२१ मध्ये विकलं गेलं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्या हर्स्टने घेतलं, आणि पुढे ते न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाच्या गोदामात खोक्यांत पडून राहिलं. १९९६ मध्ये परत आणून जागच्या जागी बसवलं.

तळेगाव_ढमढेरे
पोविस कॅसल कसं विसरलात? टिपूचा तंबू आहे तिथे!

हेळवी_कृष्णाकाठचा
विसरलो नाही, मुद्दाम गाळलं. ते घर हर्बर्टांचं. रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने, एडवर्डने, १७८४ मध्ये हेन्रिएटा हर्बर्टशी लग्न केलं म्हणून हिंदुस्थानातली ती मालमत्ता तिथे पोचली. एडवर्ड श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा मद्रासचा गव्हर्नर होता. वस्तू बघाव्यात जरूर, पण वेल्श घराणं कळायला तिथून सुरुवात करू नये. आपण टिपूच्या तंबूपाशीच उभे राहतो आणि हर्बर्ट राहून जातात.

तळेगाव_ढमढेरे
हे मान्य नाही, बघायचंच. पण ठीक. मग निदान रेक्समला सेंट जाइल्स चर्चच्या आवारात एलिहू येलची कबर बघा, एर्थिगच्या वाटेवरच आहे. अमेरिकेतलं येल विद्यापीठ ज्याच्या नावाचं तो. १६८७ ते १६९२ मद्रासचा गव्हर्नर, स्वतःचा खिसा भरल्याच्या आरोपावरून पद गेलं, गुलामांच्या व्यापारातही हात होता. कबरीवर लिहिलंय : जन्म अमेरिकेत, वाढ युरोपात, भटकंती आफ्रिकेत, लग्न आशियात. खिशाबद्दल अर्थात काही नाही.

चिंचगुळाची_आमटी
बापरे, कात्रिन सासूबाईंना फोनवर सांगितली, त्या आत्ताच वंशवृक्ष काढायला बसल्यात. पण आडनावांचं काय करायचं? सगळेच जोन्स आणि विल्यम्स. नेटवर शोधलं की हजार निघतात.

हेळवी_कृष्णाकाठचा
कारण आडनाव नव्हतंच. ‘अप’ म्हणजे चा मुलगा. अप रिस झाला प्राइस, अप हिवेल झाला पॉवेल, अब ओवेनचा बोवेन. कुणी आपलं नाव सांगू लागला की पाच-सहा बापांची माळ. मॉस्टिन घराण्याची गोष्ट सांगतात : दरबारात नाव पुकारताना लांबलचक माळ ऐकून साहेब वैतागला आणि म्हणाला, यापुढे राहत्या घराचं नाव लावा. म्हणून मॉस्टिन.

तेव्हा माणूस आडनावाने शोधू नका, घराच्या नावाने शोधा. ‘वेल्श चरित्रकोश’ नेटवर फुकट आहे, वेल्श आणि इंग्रजी दोन्हीत. मूळ वेल्श आवृत्ती १९५३ची, इंग्रजी १९५९ची. त्यात अख्ख्या घराण्यावर नोंदी आहेत : विन, ग्विदिरचे. सॉल्झबरी, लेवेनीचे. आमच्याकडे हेळवी बैलावर चोपडी लादून येतो आणि पिढ्या वाचून दाखवतो, तिकडे हे काम भाट-कवी करायचे. त्यांच्याच वंशावळींवर यातलं बरंच उभं आहे.

अबोली_७४
सगळे सरदारच सांगतायत म्हणून एक शेतकरी सुचवते. ट्रॉसवनिथजवळ ‘इर इस्गुर्न’ नावाचं शेतघर आहे. एलिस हम्फ्री इव्हान्स तिथला. टोपणनाव हेद विन. (तिथे कवीला टोपणनावानेच ओळखतात, आपल्या गोविंदाग्रजांसारखं.) १९१७च्या आइस्टेद्वॉडमध्ये, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय काव्यमेळ्यात, विजेत्याचं नाव पुकारलं तर कुणीच उभं राहिलं नाही. तो ३१ जुलैलाच बेल्जियममध्ये लढाईत पडला होता. विजेत्याच्या खुर्चीवर काळं कापड घातलं. ती खुर्ची आज त्याच्या घरी आहे. मी गेले होते तेव्हा आमच्याबरोबर आलेल्या वेल्श आजी खुर्चीपाशी दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसल्या.

चिंचगुळाची_आमटी
अबोलीताई, हे घेतलंच. मग असं ठरवतेय : एर्थिग आणि येल एक दिवस, ग्विदिर एक अख्खा दिवस, इस्गुर्न एक दिवस. पोविस पाऊस नसेल तर. सासूबाईंचा एकच प्रश्न आलाय : चौथ्या नवऱ्याचं पुढे काय झालं?

हेळवी_कृष्णाकाठचा
तो कात्रिनच्या मागे उरला. चौघांत एकटाच.