रद्दीचे पैसे आणि पोलिओ

बी-३०२ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. वर्षभराच्या रद्दीचे ११,४६० रुपये जमलेत. तळमजल्यावरच्या रोटरी क्लबवाल्या काकांचं म्हणणं, निम्मे आपल्या मागच्या गल्लीतल्या वृद्धाश्रमाला आणि निम्मे रोटरीच्या पोलिओ निधीला द्यावेत. रात्री १० पर्यंत मत कळवा. गुलाबाचा फोटो हे मत धरलं जाणार नाही.

सी-१०४: पोलिओ? तो आपल्याकडून कधीच गेला ना?

ए-००१ (काका): गेला. शेवटची केस जानेवारी २०११, हावडा. मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीवर शिक्का बसला. पाकिस्तान-अफगाणिस्तानातून मात्र अजून हटलेला नाही.

सी-१०४: म्हणजे आमची रद्दी विकून पाकिस्तानला पैसे 🙏 माझा नकार लिहून घ्या.

ए-४०३: माझाही. इथे कचरा उचलणाऱ्या मावशी पावसाळाभर भिजतात, त्यांना आधी रेनकोट घ्या.

ए-००१ (काका): रेनकोट घेऊच. पण चीनचं ऐका. २००० साली तो पोलिओमुक्त जाहीर झाला होता. २०११ ला पाकिस्तानातला विषाणू शिनजियांगमध्ये शिरला आणि २१ जणांना पोलिओ झाला. तिकडचा संपेपर्यंत आपल्या पोरांचे डोस थांबवता येत नाहीत. आणि २००९ साली आपल्याच देशात ७४१ केसेस होत्या, जगातल्या जवळजवळ निम्म्या! तेव्हा परदेशातले रोटरीवाले स्वतःच्या पैशाने उत्तर प्रदेशात येऊन थेंब पाजत होते.

डी-२०१ (ताई): काका, काम मोठं आहे, मान्य. पण क्लबांचं नाव निघालं की मला आमच्या शाळेतला कार्यक्रम आठवतो. कुठला क्लब ते सोडा. पाहुणे उशिरा आले, चौथीची पोरं पाऊण तास उन्हात उभी. वह्या मिळाल्या दोन-दोन. बॅनर एवढा की फळ्यासकट भिंत झाकली. एका मुलीला फोटो नीट आला नाही म्हणून वही परत घेऊन पुन्हा दिली.

ए-००१ (काका): काय बोलू, ताई. असे बॅनर आम्हीही लावलेत.

सी-३०३ (वहिनी): मी सहसा लिहीत नाही ग्रुपवर. माझ्या मोठ्या भावाला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. जिन्यात त्याच्या कॅलिपरची, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांची, कडी वाजली की आई चहाचं आधण ठेवायची. आमच्या चिरंजीवांच्या करंगळीला पल्स पोलिओची शाई लागली, तेव्हा दादाने ते बोट हातात धरून बराच वेळ पाहिलं होतं. माझे हजार रुपये पोलिओला धरा, रद्दीचं काहीही ठरो.

ए-००१ (काका): धरले. रोटरीने पोलिओसाठी जमवलेल्या एका डॉलरमागे गेट्स फाउंडेशन दोन घालतं, वर्षाला ५ कोटी डॉलरच्या मर्यादेपर्यंत. म्हणजे तुमचे तीन हजार झाले वहिनी.

सी-१०४: सोसायटीच्या पैशांना माझा नकार कायम. स्वतःचे ५०० देतो. करसवलतीची ८०जी ची पावती मिळेल?

ए-००१ (काका): मिळेल. पण नवीन कर प्रणाली घेतली असशील तर ती सवलत नाही, पावती नुसती जपून ठेव 😄

बी-३०२ (सेक्रेटरी): चला, आवरतं घेऊ. रद्दीची रक्कम सगळी वृद्धाश्रमाला, पोलिओचे ज्याचे त्याने काकांकडे द्यावेत. रेनकोटचा विषय मीटिंगला घेतो. वृद्धाश्रमात दुपारी फोन केला होता. म्हणाले, ब्लँकेटं कृपा करून आणू नका, कपाट बंद होत नाहीये. मोठ्यांचे डायपर हवेत, एल साइज.

डी-२०१ (ताई): उत्तम. आणि फोटो नाही हं.

बी-३०२ (सेक्रेटरी): दुकानदाराच्या बिलाचा तरी काढू द्या, हिशोबाला लागेल.

डी-२०१ (ताई): बिलाचा चालेल. पण नेणार कोण? माझ्या स्कूटीवर दोनच पुडे बसतात.

सी-१०४: गाडी आहे माझी. रविवारी ११ ला गेटवर या.