मूल्यशिक्षणाला ग्रेड देऊन मूल्यं येतात का?

पाचवीतलीची आई:
मुलगी पाचवीत, इंग्लिश मीडियम. मागच्या आठवड्यात व्हॅल्यू एज्युकेशनचा प्रोजेक्ट होता, विषय प्रामाणिकपणा, चार्ट करून न्यायचा. दुसऱ्या दिवशी सबमिशन म्हणून रात्री अकरापर्यंत बसून मीच चित्रं चिकटवली, मथळा लिहिला आणि खाली तिचं नाव टाकलं. ए प्लस मिळाला. घरी येऊन म्हणते, "आई, हा तर तू केलास ना, मग मी मॅमना सांगायला हवं होतं का?" मला उत्तरच देता आलं नाही, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. शाळेत हे खरंच नीट शिकवता येतं का? कोणाचा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

झेडपीचा मास्तर:
ताई, मी जिल्हा परिषद शाळेत चौथीला आहे. आमच्याकडे रोज परिपाठ असतो, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा सगळं. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, स्त्री-पुरुष समानता अशी दहा मूल्यं पोरं घडाघडा म्हणून दाखवतात, पण परिपाठ संपला की झाडू मुलींच्याच हातात, आणि हे माझ्याच वर्गात कित्येक वर्षं चाललेलं मला दिसलं नव्हतं. मूल्यवर्धनच्या ट्रेनिंगला गेलो तेव्हा डोळे उघडले. शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं २००९ ला बीड जिल्ह्यात सुरू केलेला कार्यक्रम आहे, नंतर सरकारी शाळांत सगळीकडे आला. त्यात उपदेश नाही, जोडीत बोलायचं, गटात ठरवायचं, वर्गाचे नियम पोरांनीच करायचे. आमच्या पोरांनी झाडायची पाळी हजेरीच्या नंबरानं लावली आणि शेवटचा नंबर माझा. एकाचे वडील भांडायला आले, आमचा पोरगा झाडू मारणार नाही म्हणून, तर पोरगाच म्हणाला, "अहो बाबा, सर पण मारतात की."

कोल्हापूरची मावशी:
सर, भारी. पण एक बोलू का, खरं बोलल्यावर काय होतं ते मुलं बघतात. मी सातवीत असताना वर्गातल्या एकानं खिडकीची काच फोडली आणि स्वतःहून जाऊन सांगितलं, त्याला सगळ्यांसमोर छड्या बसल्या. पुढं वर्षभर काही मोडलं तरी कोणी तोंड उघडलं नाही. फळ्यावर मात्र 'नेहमी खरे बोलावे' होतंच. तेव्हा आधी शिक्षकांनी ठरवावं, कबूल करणाऱ्याला मार नाही, भरपाई करू दे हवं तर. आणि ग्रेड कशाला द्यायची प्रामाणिकपणाला? ग्रेड आली की पालक चार्ट करणारच.

रिटायर्ड गुरुजी:
बाळ, लेकीनं विचारलंय ते विसरू नकोस. अजून वेळ गेलेली नाही, दोघी जाऊन सांगा. चार्ट तू केलास, तेव्हा आधी तू बोल, तिला पुढं करू नको.

पाचवीतलीची आई:
गुरुजी, आज जाऊन आलो. आधी मीच बोलले. मॅम म्हणाल्या ग्रेड ऑनलाइन भरून झालीय, आता बदलत नाही. लेक हिरमुसली, तिला वाटलं होतं कमी करतील. मग त्यांनाच विचारलं तिनं, पुढचा चार्ट वर्गातच करूया का सगळ्यांनी? बघते म्हणाल्यात.