सुटा तंतू आणि तयार भाग
‘कार्बन फायबर पोलादापेक्षा कितीतरी मजबूत असते’ हे वरच्या प्रतिसादातले विधान सुट्या तंतूला लागू पडते, तयार भागाला जसेच्या तसे नाही, एवढी भर घालावीशी वाटते. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम पदार्थाचा धागा ताणून धरून हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला स्थिर करतात आणि मग नायट्रोजनमध्ये १००० अंशांच्या वर तापवतात, तेव्हा ५ ते ७ मायक्रॉन व्यासाचा तंतू मिळतो. त्याची ताकद लांबीच्या दिशेने असते. आडवा ताण मुख्यतः तंतूंना एकत्र धरणाऱ्या इपॉक्सी या राळेला आणि तंतूशी असलेल्या तिच्या पकडीला पेलावा लागतो. म्हणून तयार भागात तंतूंचे थर ०, ४५ आणि ९० अंशांत रचतात, आणि तसे करताना एका दिशेची बरीच ताकद सोडून द्यावी लागते.

माझ्या मते खरी कसोटी तडाख्याची आहे. हातातून पाना निसटून धातूच्या पत्र्यावर पडला तर पोचा दिसतो. लॅमिनेटचा, म्हणजे असे थर चिकटवून केलेल्या भागाचा, पृष्ठभाग मात्र जवळपास तसाच राहून आतले थर सुटलेले असू शकतात, आणि ते शोधायला अल्ट्रासाउंडसारखी तपासणी लागते. शिवाय कार्बनला अ‍ॅल्युमिनियम थेट टेकले आणि ओल शिरली, तर अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने गंजते. त्यामुळे विमानांत मध्ये काचतंतूचा थर देतात किंवा जोडणी टायटॅनियमची करतात.