‘पेलेट’ला मराठीत काय म्हणावे: गाळ, साका की आणखी काही?

नौपाडेकर
नमस्कार. आमच्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या मदतनिसांसाठी मी सेंट्रीफ्यूज (नळ्या वेगाने गोल फिरवून द्रवातील घटक वेगळे करणारे यंत्र) वापरण्याच्या सूचना मराठीत लिहीत आहे आणि एका शब्दापाशी अडलो आहे. नळी फिरवून झाल्यावर जो घट्ट भाग एका जागी दाबला जातो, त्याला आम्ही सगळे पेलेट म्हणतो. मसुद्यात मी ‘गाळ’ लिहिले आणि त्याचा परिणाम लगेच दिसला. उंदराच्या यकृताच्या पेशी फोडून त्यांतील तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) वेगळ्या करायच्या होत्या. मदतनिसाने दुसऱ्या फेरीनंतर वरचे पाणी जपून दुसऱ्या नळीत काढले आणि आम्हाला हवा असलेला तपकिरी थर नळाखाली धुऊन टाकला. मी त्याला दोष देत नाही, कारण गाळ म्हटला की तो टाकायचा, हे आपण सगळे लहानपणापासून शिकतो. ‘गोळी’ लिहावे तर औषधाची गोळी डोळ्यांपुढे येते. योग्य शब्द कोणता?

ऐरोलीकर
‘साका’ लिहा. रसायनशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘पांढरा साका मिळतो’ असे वाक्य पूर्वीपासून आहे. वरच्या द्रवासाठी तर शोधाशोध करण्याचीही गरज नाही, कारण चुन्याची निवळी आपण सर्वांनी शाळेत फुंकून पांढरी केलेली आहे. तळाशी बसलेले टाकायचेच असते, हेही मला मान्य नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून ठेवले की रात्रभरात चीक खाली बसतो. सकाळी वरची आंबूस निवळ हलक्या हाताने ओतून देतात आणि ठेवतात तो खालचा चीक. आमच्या घरी आई पातेले तिरके करताना श्वास रोखून धरत असे, कारण हिसका बसला की चीक पुन्हा पाण्यात मिसळायचा. आपले मदतनीस नळी ओतताना नेमके हेच करतात.

खारघरची वाचक
चिकाचे उदाहरण फार चांगले आहे, परंतु ‘साका’ला माझा आक्षेप आहे. रसायनशास्त्रातला साका हा अभिक्रियेने नव्याने तयार झालेला अविद्राव्य पदार्थ असतो. तंतुकणिका आधीपासून द्रावात असतातच. आपण त्यांना केवळ एका बाजूला ढकलतो. ‘बाजूला’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे. तिरक्या खाचांच्या रोटरमध्ये, म्हणजे नळ्या धरून फिरणाऱ्या चकतीत, हा थर नळीच्या तळाशी न बसता बाहेरच्या भिंतीला चिकटतो. म्हणूनच लहान नळ्या ठेवताना झाकणाची बिजागरी बाहेरच्या बाजूला करण्याची शिस्त आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी लावतो: डीएनएचा थर इतका पातळ असतो की तो कित्येकदा दिसतच नाही, आणि मग बिजागरीखालची भिंत सोडून समोरच्या बाजूने द्रव ओढून घ्यायचा असतो. ‘तळाशी बसलेला साका’ असे लिहिले, तर नवा माणूस टोकाशी शोधत राहील आणि भिंतीवरचा माल खरवडून नेईल.
शिवाय नौपाडेकरांच्या प्रयोगात ठेवायचे काय, हे फेरीगणिक बदलते. पहिल्या फेरीत, गुरुत्वाच्या सुमारे ६०० ते १,००० पट बलाला, केंद्रके आणि न फुटलेल्या पेशी खाली जातात आणि आपण निवळी ठेवतो. दुसऱ्या फेरीत, सुमारे १०,००० पटीला, तंतुकणिका खाली येतात आणि आपण निवळी ओतून देतो. मदतनिसाने पहिल्या फेरीची रीत दुसऱ्या फेरीत पाळली, एवढेच घडले असावे. ठेवा आणि टाका हे एका नामात भरता येणार नाही. ते क्रियापदानेच सांगावे लागेल.

कळवेकर
मी वीस वर्षे रक्ततपासणीच्या कामात आहे. आमच्याकडे ‘ट्यूब फिरवली, सिरम काढले’ असे म्हणतात आणि त्यात कोणाचाही गोंधळ होत नाही. पेलेट हा शब्द देवनागरीत तसाच ठेवावा. सेंट्रीफ्यूजला कोणी ‘अपकेंद्रित्र’ लिहितो, कोणी ‘केंद्रोत्सारी यंत्र’, आणि यंत्राशी उभा राहणारा माणूस यांतले काहीच बोलत नाही.

ऐरोलीकर
बोलत नाही, कारण त्याला कोणी ते कधी दिलेच नाही. दहावीत ‘अभिकेंद्री बल’ मुले सहज म्हणतात. शब्द पाठ्यपुस्तकात आला की तोंडी बसतो.

कळवेकर
ते परीक्षेपुरते. नावाहून मोठी चूक मला सूचनांमध्ये दिसते: ‘१०,००० फेऱ्यांवर फिरवा’ असे लिहिलेले असते. रोटरची त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर मिनिटाला १०,००० फेऱ्यांना गुरुत्वाच्या सुमारे ११,००० पट बल मिळते. त्रिज्या निम्मी असेल तर बलही निम्मेच. नौपाडेकर, आपण फेरे लिहिले आहेत की पट?

नौपाडेकर
फेरे लिहिले होते. आजच दुरुस्त करतो. आभारी आहे.

खारघरची वाचक
मोजमापाचा विषय निघालाच आहे, तर ‘अवसादन’, म्हणजे कण खाली बसणे, या शब्दाबद्दलही बोलले पाहिजे. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वेडबर्ग यांना १९२६ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्यांच्या नावाच्या एककात रायबोसोमचे, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणांचे, अवसादन मोजतात. जिवाणूच्या रायबोसोमचे ५० आणि ३० एककांचे दोन भाग मिळून ८० न होता ७० होतात, कारण हे एकक वजनाचे नसून कण किती वेगाने खाली सरकतो याचे आहे, आणि त्यात कणाचा आकारही येतो. ‘अवसाद’ म्हणजे खिन्नता असा अर्थ हिंदीतून कानावर पडलेली मुले इथे हमखास अडखळतात. ‘निवळणे’ हे क्रियापद मला जवळचे वाटते, पण ते निवळणाऱ्या पाण्याचे आहे. खाली जाणाऱ्या कणाचे नाही.

ऐरोलीकर
निवळणे हे निवळीच्या बियांवरून आले असावे, असे मला नेहमी वाटते. गढूळ पाण्याच्या घागरीत आतून ही बी घासत असत.

कळवेकर
मला उलट वाटते. पाणी निवळवते म्हणून त्या बीला निवळी म्हटले असणार.

खारघरची वाचक
आमच्या आजोळी पावसाळ्यात ती बी सहाणेवर उगाळून पाण्यात ढवळत. तिच्यामुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि लवकर खाली बसतात. घागरीच्या बुडाशी जो मऊ थर उरे, त्याला आजी गाळ म्हणत नसे आणि साकाही म्हणत नसे. ती त्याला ‘गदळ’ म्हणत असे. हा शब्द याच अर्थाने आणखी कोणी ऐकला आहे काय?