सभेत आठवडी बाजार हलवायचं ठरलं म्हणे, नक्की काय ठरलंय ते कुठे कळेल?

भाजीवाल्यांचा पोरगा:
आमच्या नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा झाली परवा, अर्ध्या तासात मंजूर मंजूर करत मंडळी चहाला उठली पण. पेपरात आलंय की बाजार स्टँडजवळून उचलून बाहेरच्या मैदानात न्यायचा ठराव झाला. विषयपत्रिका मी नोटीस बोर्डावर वाचलेली, त्यात हा विषय नव्हताच. नगरसेवक म्हणतात नुसती चर्चा झाली, ऑफिसात म्हणतात इतिवृत्त (सभेची लेखी नोंद) अजून कायम, म्हणजे मंजूर, नाही झालं, पुढच्या सभेनंतर या. तोपर्यंत उठवलं तर? आई तिथंच बसते ओ.

जुना कारकून:
ऐनवेळचा विषय म्हणून घुसवला असणार. नोकरीत असताना बघितलंय, अडचणीचे विषय शेवटी, सगळे उठायच्या घाईत असताना येतात. तू पेपर सोड, नगरसेवक पण सोड, ठरावाची नक्कल बघ, सूचक (मांडणारा) कोण, अनुमोदक (पाठिंबा देणारा) कोण आणि मजकूर काय. "हलवण्यास मंजुरी" असेल तर काळजीचं, "जागेची पाहणी करून अहवाल सादर करावा" असेल तर वर्षभर तरी निवांत झोप. आणि मैदानात ओटे, पाणी, लाईट करायचं तर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश एवढं सगळं आलं. ठराव झाला की दुसऱ्या दिवशी काम सुरू, असं मी तरी कधी पाहिलं नाही.

आरटीआयवाला:
सोमवारी दुपारी ३ ते ५ जा. लोकांना फाईली बघू द्यायच्या असा २०१८ चा शासन निर्णय आहे, पालिकांना पण लागू. नाही दाखवल्या तर माहिती अधिकारात टाक, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतात. इतिवृत्तासोबत त्या विषयाची कार्यालयीन टिप्पणी, म्हणजे ऑफिसने विषयावर लिहिलेली नोंद, पण माग, खरी गंमत त्यातच असते.

नाक्यावरची ताई:
अर्जाला ३० दिवस जातात, तोवर काय करायचं ते सांगा की कुणीतरी! २०१४ चा फेरीवाला कायदा आहे, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र दिल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही, आणि हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. शहर फेरीवाला समितीत निदान ४० टक्के फेरीवाल्यांचे प्रतिनिधी हवेत. तुमच्याकडे समिती आहे का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते. बाजारातल्या सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन सीओंना (मुख्याधिकाऱ्यांना) द्या आणि पोच घ्या, पोच विसरू नका. सोबत कलेक्टरकडे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली अर्ज करा, ठराव बेकायदेशीर किंवा लोकांना त्रासाचा असेल तर ते अंमलबजावणी थांबवू शकतात.

स्टँडसमोर राहतो:
राग येईल पण बोलतो. बाजाराच्या दिवशी ॲम्ब्युलन्स पण निघत नाही आमच्या गल्लीतून. बाजार हलावा असं मलाही वाटतं, फक्त आधी तिकडं संडास, पाणी, बसायची जागा करा आणि मग हलवा. असं चोरून कशाला?

भाजीवाल्यांचा पोरगा:
दादा तुमचं पण बरोबर आहे, रस्ता सोडून बसायला आमची ना नाही, पण विचारलं तर पाहिजे. ताई, समिती आहे का विचारलं तर तिथला क्लार्क माझ्याच तोंडाकडं बघत बसला. सह्या गोळा करायला घेतल्यात, सोमवारी फाईल बघून इथंच टाकतो.